भरतीचं नाणं

वसईच्या पाचूबंदरातल्या क्लेमेंटीनकडे कुणी जुनी इंग्रजी पेनी घेऊन आलं, की ती आधी तिची चकाकी बघायची. चिंच लावून घासलेली दिसली, की आणणाऱ्याची धडगत नसे. "शंभर वर्सांची म्हातारी, तिला पावडर फासून आनलीस होय?" असं म्हणून ती नाणं त्याच्याच तळहातावर परत ठेवायची. मग जरा वेळानं राग ओसरला, की स्वतःच हात पुढे करायची आणि म्हणायची, "बघू, दे."

शाळा जेमतेम चौथीपर्यंत. इंग्रजी आकड्यांपुरतं. पण भिंग डोळ्याला लावलं, की भल्याभल्यांना दिसत नाही ते तिला दिसायचं. पेनीच्या एका बाजूला राजा नाहीतर राणी, दुसऱ्या बाजूला त्रिशूळ घेऊन बसलेली बाई आणि बाईच्या मागे समुद्र. टांकसाळीत हे चित्र पोलादी ठशानं उमटवतात. ठसा झिजला की नवा करतात, आणि नव्या ठशात कुठेतरी फरक राहतो. एखादं टिंब जास्तीचं येतं, राणीच्या डोक्यावरच्या माळेतलं एखादं पान गळतं, त्रिशुळाचं टोक अक्षरापासून केसभर लांब जातं. हे फरक पकडायला घारीची नजर लागते आणि पुष्कळ रिकामा वेळ लागतो. सकाळचा बाजार उरकला, बोंबील वाळत टाकले, की क्लेमेंटीनकडे दोन्ही असायचं.

सांडोरपासून अर्नाळ्यापर्यंत ज्या घरातला माणूस कधीकाळी बोटीवर होता, त्या घरात एखाद्या डब्यात पाच-दहा पेन्या सापडायच्याच. त्या सगळ्या केव्हा ना केव्हा तिच्या ओट्यावर येऊन गेल्या होत्या. ती पैसा घेत नसे. लोकांना सांगायला मात्र तिला आवडायचं. "ही बघ, चौऱ्याण्णवपर्यंत बाईच्या समोर पान्यात जहाज आहे. पंचाण्णवपासून जहाज काढून टाकलं. जहाज गेलं, बाई आपली तिथंच बसून." असं म्हणून ती खो खो हसायची. ऐकणाऱ्याला कुठं बघावं ते कळायचं नाही, कारण क्लेमेंटीनच्या नवऱ्याची गोष्ट बंदरावर सगळ्यांना ठाऊक होती.

नवरा ॲन्सेल्म परदेशी मालवाहू बोटीवर खलाशी होता. एकाहत्तर साली इंग्लंडनं जुनी नाणी बंद केली, तेव्हा तो तिथून बिस्किटाचा डबा भरून पेन्या घेऊन आला. बायकोसाठी साडी आणायची सोडून बंद पडलेली नाणी आणणारा नवरा! पण दोघांनी मिळून जमिनीवर ती नाणी पसरली आणि साडीचं भांडण राहूनच गेलं. तिकडच्या बंदरातल्या कुणा दुकानदारानं ॲन्सेल्मला सांगितलं होतं की १९०२ सालच्या पेनीचे दोन ठसे आहेत. एकावर समुद्राला भरती आहे, एकावर ओहोटी. डब्यात १९०२ ची नेमकी दोनच निघाली. ॲन्सेल्म म्हणाला, "ओळख बघू."

तिनं भिंगातून पाहिलं. एका नाण्यावर पाण्याची रेघ बाईच्या मांडीपाशी, वर. दुसऱ्यावर रेघ खाली, घोट्याकडे. यात ओळखायचं ते काय! पाचूबंदरच्या धक्क्यावर उभं राहिलं, की ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो आणि पाणी लांब, पार वर आभाळाला टेकलेलं दिसतं. भरतीला ते खाली पायाशी येतं. म्हणजे वरची रेघ ओहोटी, खालची रेघ भरती. ॲन्सेल्मही याच धक्क्यावर वाढलेला. त्यालाही ते पटलं.

बहात्तरच्या डिसेंबरात तो पुन्हा निघाला, तेव्हा लिडिया पोटात होती. क्लेमेंटीननं खालच्या रेघेचं नाणं त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात शिवून टाकलं. "भरतीला होड्या धक्क्याला लागतात. भरती तू ने, ओहोटी माझ्याकडं राहू दे," ती म्हणाली. तो हसला, पण त्यानं शिवू दिलं.

पत्रं दोन वर्षं आली. मग कंपनीचा कागद आला, की ब्राझीलच्या एका बंदरात हा माणूस उतरला आणि बोट सुटायच्या वेळी परतला नाही. एवढंच. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. बंदरावरच्या बायकांनी आपसात ठरवून टाकलं, की त्यानं तिकडे दुसरा संसार थाटला असणार. क्लेमेंटीन त्यांच्याशी कडाकडा भांडली. पण रात्री अंथरुणावर पडली, की तिलाही तेच वाटायचं.

आता सत्त्याण्णव साल सरत आलं होतं आणि लिडियाचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. पत्रिकेचा कच्चा कागद आठवडाभर घरात पडून होता. छापखानेवाला रोज निरोप धाडत होता, कारण एकच गोष्ट अडली होती. वडिलांच्या नावाआधी कच्च्या कागदावरचं 'श्री.' ठेवायचं की 'कै.' लावायचं?

लिडियाला 'कै.' हवं होतं. "आई, 'श्री.' छापलं तर सासरचे विचारतील, मग कुठे आहेत? मी काय सांगू?"

क्लेमेंटीन दोन्ही मनाशी लावून बघत होती. 'कै.' लावलं तर माणूस मेला. 'श्री.' लावलं तर माणूस जिवंत आहे आणि पोटच्या पोरीच्या लग्नालाही येत नाही. मेलेल्यासाठी चर्चमध्ये फादरला मिस्सा सांगता येतो, रडता येतं. जो मुद्दाम आला नाही, त्याच्यासाठी काय करायचं? त्याच्यासाठी ती तेवीस वर्षांत एकदाही रडली नव्हती.

त्या रविवारी दुपारी सुधाकर आला. वसई पूर्वेला फ्लॅट घेतलेला, मुंबईला नोकरी करणारा, नाण्यांचं वेड असलेला माणूस. बगलेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कुणाकडून तरी आठ दिवसांच्या बोलीवर आणलेलं.

"मावशी, एकोणीसशे दोनची ओहोटीवाली पेनी कधी पाहिलीत का हो? फार दुर्मीळ आहे म्हणे."

"दुर्मीळ कसली! आजवर वीसेक तरी माझ्या हातून गेल्या असतील." तिनं कागदात जपून गुंडाळलेलं आपलं नाणं काढून त्याच्यापुढे ठेवलं. "भरतीचंच कमी दिसतं."

सुधाकरनं नाणं पाहिलं, पुस्तक पाहिलं, पुन्हा नाणं पाहिलं. "मावशी, हे उलटं आहे. ही भरती. पाणी चढलं म्हणजे रेघ वर, असं धरतात. खालची रेघ ती ओहोटी."

"पानी चढलं म्हनजे पायाशी येतं! पुस्तकवाला कधी धक्क्यावर उभा राहिलाय काय?"

"नसेल राहिला," सुधाकर हसला. "पण सगळीकडे असंच मानतात. बघा ना, चित्रच दिलंय." त्यानं पान तिच्यापुढे धरलं. "खालच्या रेघेचं एखादं असेल तर दाखवा की."

"होतं एक. दिलं."

"अरेरे! कुणाला दिलंत?"

लिडियानं त्याला डोळ्यांनी खुणावलं. काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं. तो घाईघाईनं चहा संपवून उठला, आणि उठताना पुस्तक ओट्यावर विसरून गेला.

क्लेमेंटीन बराच वेळ त्या पानावरची दोन चित्रं बघत राहिली.

"म्हनजे मी त्याला ओहोटी शिवून दिली," ती म्हणाली.

"आई, एका नाण्यानं काय होतंय? वेडी आहेस का?"

"तू गप." तिनं पुस्तक मिटलं. "तेवीस वर्सं मी त्याला शिव्या घातल्या, लिडिया. देवळात क्रूसासमोर बसून घातल्या. भरती खिशात घालून दिली तरी आला नाही, म्हनजे याला यायचंच नव्हतं, असं मनाशी धरून बसले. आनि त्याच्या खिशात ओहोटी होती गं. मीच घातली होती. कसा येनार होता बिचारा?"

आणि ती रडायला लागली. पदर तोंडात कोंबून नव्हे, चांगली मोठ्यानं, शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहतील इतक्या मोठ्यानं. लिडियाला आईला कसं धरावं ते सुचेना. आठवडाभर 'कै.'साठी हट्ट धरून बसलेली ती पोरगी, तिनं कागद गुपचूप उचलून पाठीमागे लपवला.

क्लेमेंटीननं हात पुढे केला. "बघू, दे." तिनं पेन मागून घेतलं, 'श्री.'वर काट मारली आणि वर 'कै.' लिहिलं. शेजारणी खरंच दारात आल्या होत्या. काय झालं, म्हणून विचारत होत्या.

"माझा नवरा गेला," क्लेमेंटीन त्यांना म्हणाली.