हाक न मारलेली शिवी

लंडनजवळ हॅरोत आमचा बॉयलर दुरुस्त करणारा माणूस फिनलंडचा, आणि इतका उंच की दार त्याला बघून वाकायचं. प्रत्येक स्क्रूमागे तो "हित्तो!" म्हणायचा, दिवसाला हजारदा तरी.

"शिवी देतोस काय रे?" मी विचारलं.

"अगदी सौम्य. मूळ शब्द हीसी, म्हणजे आमची देवराई. पाद्री आले, तिथल्या देवाचा सैतान झाला, आणि त्या सैतानाचं नाव हित्तो, तीच शिवी."

"म्हणजे आपला वेताळच की!" आई खूश.

जानेवारीत त्यानं बॉयलरचं झाकण उघडलं आणि एकदम गप्प झाला. एकही हित्तो नाही.

"खिडक्या उघड. धुराची नळी तुंबलीय, घरात विषारी वायू आहे. आई कुठंय?"

"वर झोपलीय. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती."

तो एका ढांगेत अख्खा जिना चढला आणि आईला उचलून थेट बागेत घेऊन आला. मी अँब्युलन्सला फोन लावला.

"आज एकदाही हित्तो नाही म्हणालास?" मी विचारलं.

"तो इतका जवळ असताना त्याला हाक मारत नाहीत," तो कुजबुजला.

आईनं डोळे उघडले. तो मात्र घराच्या उघड्या दाराकडेच बघत राहिला.