मॉलचीच ड्युटी

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि फौजेतल्या माणसाला ‘कुठं आहात?’ असं बायकोनं विचारायचं नसतं, हे पोरींना लग्नाआधीच कळलेलं असतं. वडिलांना पत्र लिहायचं तर पत्त्यात गावच नसायचं. नाव, युनिट आणि खाली ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ माणूस बर्फात आहे की वाळूत, ते त्या पोस्टालाच ठाऊक. आई म्हणायची, "सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं की." या न विचारण्याचा आम्हाला केवढा अभिमान होता! देशासाठी तोंड बंद ठेवतो म्हणून. हीच सवय पुढे दुबईतल्या एका कंपनीनं आमच्याकडून फुकटात उचलली. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिनं माणसं पाठवली त्या आफ्रिकेतल्या देशाचंही नाही. आमचे व्हिसा अजून इथलेच आहेत आणि मी तापट असले तरी खुळी नाही.

दुबईत अल क्वोजला आमचं केटरिंगचं किचन आहे. नवरा पुण्याचा, जिभेवर साखर ठेवून फिरणारा. तो गिऱ्हाईक आणतो. किचन मी बघते. वर्कशॉपं, गोडाऊनं, लेबर कॅम्प, सगळीकडे आमचे डबे जातात. त्यातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ही सिक्युरिटी कंपनी. तिचे गार्ड दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, एका खोलीत सहा-सहा जण, आणि तिन्ही त्रिकाळ आमचं खायचे.

त्यातच माझा धाकटा भाऊ होता. हवालदार होऊन रिटायर झाला तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आता असा माणूस गावात करणार काय? पारावर बसून पेपर वाचणार? आमच्या ह्यांनी कंपनीत शब्द टाकला आणि भाऊ इकडे आला. ड्युटी एका मॉलच्या पार्किंगच्या दारावर. पगार दोन हजार दोनशे दिरहम, म्हणजे पन्नास हजाराच्या आसपास, अधिक पेन्शन. रविवारी सुट्टीला माझ्याकडे मटण खायला यायचा. मी विचारायची, "काय रे, कशी काय ड्युटी?" तर म्हणायचा, "आक्का, आज मोठा हल्ला झाला. एका बाईचं आइस्क्रीम फरशीवर पडलं." सगळे हसायचे, तोही हसायचा. पण ज्याच्या हाताखाली दहा-दहा जवान होते त्यानं ‘मॅडम, ट्रॉली तिकडं’ करत दिवस काढायचे, हे त्याला आतून खात होतं, ते मला दिसत होतं.

एका रविवारी तो आलाच नाही. फोन बंद. सोमवारी डबे पोचवून आलेला आमचा पठाण ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, आपका भाई साइट पे गया. बाहर."

"बाहर म्हणजे? अबुधाबी? रुवैस?"

"नहीं दीदी. बाहर मुलुक. पूरा कमरा गया, खलास."

मी तशीच नवऱ्याकडे गेले. तो हिशेबात डोकं खुपसून मूग गिळून बसलेला. म्हटलं, "अहो, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुम्हाला माहीत होतं." तर हळूच म्हणाला, "साइट आहे ग आफ्रिकेत. सोन्याची खाण. राखण करायची, बस. पगार तिप्पट. तो आपल्या पायानं गेलाय." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरवड्यापूर्वी ह्यांनी माझ्याकडून दशम्या, लसणाची चटणी आणि लोणच्याची पाकिटं बांधून घेतली होती. ‘कंपनीला साइटवर टिकाऊ खाणं लागतं’ म्हणाले होते. माझ्याच भावाची शिदोरी मी माझ्याच हातानं बांधली आणि मला पत्ता नाही! त्या दिवशी मी ह्यांना जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

गावी भावजयीला फोन केला. म्हटलं, "तुला काही बोलला का तो?"

"ड्युटी बदललीय म्हणाले."

"अगं, कुठं ते विचारलंस का?"

"वन्सं, सतरा वर्षं मी कधी विचारलं का? आणि आताच विचारू?"

मला तिचा राग आला, आणि रागवायचं तोंड मला कुठं होतं? मीही त्याच घरात वाढलेली. तिला म्हटलं, अगं बये, तेव्हा तो देशाचा होता. काही झालं असतं तर तिरंग्यात घरी आला असता, कलेक्टर दारात उभा राहिला असता. आता काही झालं तर कुणाला विचारशील? ती म्हणाली, "असं वंगाळ बोलू नका." फोन ठेवला.

पुढे महिना-महिना फोन यायचा नाही. त्या देशात दोन सेनापतींची जुंपली होती, सोन्याच्या खाणी ज्याच्या हातात त्याचं पारडं जड, एवढं मी इंटरनेटवर वाचून समजून घेतलं. वाचलं तेवढं पुरे झालं, झोप उडाली. माझी मुलगी नववीत. तिच्या शाळेत हा विषय निघाला असावा. जेवताना म्हणाली, "आई, इज मामा अ मर्सिनरी?"

भाडोत्री शिपाई म्हणे! मी म्हटलं, "तुझा मामा फौजी आहे."

"फौजी फॉर हू?"

मी तिच्या ताटात भात वाढला आणि ‘मुकाट्यानं जेव’ म्हटलं. 

शेवटी कंपनीच्या जबल अलीच्या ऑफिसात गेले. नवरा येईना, त्याला ओढत नेला. तिथला मॅनेजर आपल्याच फौजेतला रिटायर्ड साहेब. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर खजूर. उठून उभा राहिला, म्हणाला, "मॅडम, आपकी दाल खाके घर की याद आती है." म्हटलं, दाल राहू द्या, माझा भाऊ कुठं आहे? तर म्हणे, "ही इज अ कन्सल्टंट नाउ." कन्सल्टंट! बारावी पास माझा भाऊ, डोळे झाकून मशिनगन खोलून पुन्हा जोडतो. तो खाणीच्या दारात बसून काय सल्ला देतो, ते मला कुणी सांगेना.

मी एम्बसीत जाईन म्हटलं, तेव्हा ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. साहेब मात्र हसला. "मॅडम, ही हॅज साइन्ड. और आप तो सोल्जर के घर से हैं. आपके साइड के लडके हम इसीलिए लेते हैं. फॅमिली अच्छी होती है, सवाल नहीं पूछती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "साहेब, वो चुप्पी हमने देश के लिए रखी थी. आपके लिए नहीं." त्यानं मान हलवली, खजुराची डिश माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "सिक्स मंथ्स रोटेशन. आ जाएगा, इन्शाल्ला." गाढवापुढे वाचली गीता!

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, भाऊ परत येईपर्यंत त्या कंपनीचं जेवण माझ्या किचनमध्ये शिजणार नाही. मला वाटलं, आता हलतील सगळे. काय हललं? ह्यांनी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या केरळी हॉटेलवाल्याकडून डबे घेतले आणि आमच्या व्हॅननं पोचवले. गार्डांना फरकही कळला नाही. एकजण ड्रायव्हरला म्हणाला म्हणे, आजकल सांबार अच्छा आता है.

सहा महिन्यांचे नऊ झाले आणि मग तो आला. मी दार उघडलं, तर वाळला होता, काळा पडला होता, आणि डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मी त्याला दारातच धरलं आणि ओक्साबोक्शी रडले. नवराही रडला, खोटं कशाला बोलू. माझा भाऊ जिवंत माझ्या घरात बसला होता, मला जगात दुसरं काही नको होतं. देवापुढे साखर ठेवली आणि ह्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले.

तिकडचं तो फारसं सांगायचा नाही. मी विचारलं. आईनं विचारलं नसतं, मी विचारलं. एकदा कांदा चिरता चिरता म्हणाला, "पोरं होती आक्का. मिसरूड न फुटलेली. त्यांना बंदूक साफ करायला शिकवायची, धरायला शिकवायची. हुशार होती, लवकर शिकायची. शिकली की ट्रक येऊन न्यायचा."

"कुठं?"

"पुढं."

"मग?"

"मग दुसरी यायची."

म्हणजे नुसती राखण नव्हती तर. तो चिरत राहिला. वाटलं, संपलं आता हे. गावी जाईल, भावजयीजवळ राहील, कान दाखवू कुणाला तरी साताऱ्यात. तिकिटाचं मीच बघत होते. तर एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून आला. म्हणाला, "आक्का, कंपनीनं ऑफिसात घेतलंय."

"ऑफिसात? कसलं काम?"

"माणसं बघायची. रिटायर झालेली. आपल्याच भागातली."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "तुला लाज नाही वाटत?" तो चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "मी नाही आणली तर दुसरा आणेल. तो मॉल सांगून आणेल. मी निदान खरं सांगून आणतो." नवरा सोफ्यावरून म्हणाला, "पॉइंट आहे." मी दोघांकडे बघत राहिले. ज्याला परत आणायला मी दारोदार हिंडले, तो माझ्यासमोर बसून चहात बिस्किट बुडवत होता आणि तरीही परत आला नव्हता.

थोड्या दिवसांनी गावाहून एका बाईचा फोन आला. आमच्याच आळीतली सून, नवरा नुकताच नाईक होऊन रिटायर झालेला. म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावानं आमच्या मालकांचं काम लावलंय. मॉलमधी. तवा म्हटलं तुम्हाला इचारावं, कसं काय हाय तिकडं?"

चला, गावात एक तरी विचारणारी निघाली! मला इतका आनंद झाला की मी सगळं सांगून टाकलं. मॉल नाही, खाण आहे. इथं नाही, आफ्रिका आहे. तिथं लढाई आहे, माझ्या भावाचा कान गेलाय, पाठवू नकोस, वाटलं तर दोन वर्षं कमी खा पण पाठवू नकोस.

ती ऐकून घेत होती. मग तिचा आवाज बदलला. "व्हय की वन्सं. तुमचा भाऊ आता हापिसात बसला. तुमचं किचन हाय, गाडी हाय. तुमचं झालं. आता आमचं बरं व्हायला लागलं तर तुमच्या पोटात दुखायला लागलं." मी ‘अगं ऐक’ म्हणेपर्यंत फोन कट.

तो माणूस आलाच. भाऊ त्याला विमानतळावरून थेट माझ्याकडे जेवायला घेऊन आला. उंच, सडपातळ, बोलायला अगदी हळू. वाकून पाया पडला. बायकोनं दिलेल्या कुरडया पुढे केल्या आणि म्हणाला, "आक्का, तिचं बोलणं मनावर घेऊ नका. जरा फटकळ हाय." मी पानं वाढली. भाऊ हात धुवायला गेला तेवढ्यात त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "तुला माहीत आहे का, तुला कुठं पाठवणार आहेत?"

"माहीत हाय. तुमच्या भावानं समदं सांगितलंय."

"आणि बायकोला?"

तो पानाकडे बघत म्हणाला, "तिला मॉलच सांगितलाय. ती इचारते आक्का. लई इचारते. माझी आई कधी इचारायची नाही, पण हिला राहवत नाही." मग घास हातात धरून म्हणाला, "तुम्ही म्हणाला ते तिला खरं वाटलं नाही, बरं झालं. आता पुन्हा नका सांगू. म्हातारी आई हाय, पोरगी लहान हाय. मी निघालोच हाय."

माझा भाऊ टॉवेलला हात पुसत दारात उभा होता. चांगल्या कानानं त्यानं सगळं ऐकलं होतं. तो येऊन पानावर बसला आणि म्हणाला, "आक्का, रस्सा वाढ त्याला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्याची बायकोच होती. दुसऱ्या कुणाचा नंबर इथं तिच्याजवळ असणार? स्क्रीनवर नंबर बघून मी त्या माणसाकडे पाहिलं. त्यानं खरकट्या हातानंच हात जोडले. खरं मी एकदा सांगून पाहिलं होतं, पोटदुखी म्हणून ते माझ्याच पदरात परत आलं होतं. तरी फोन उचलेपर्यंत, देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं मी काय बोलणार ते.

"वन्सं, पोचले का ओ?" तिचा आवाज नरमलेला. "परवा मी लई बोलले. राग धरू नका. जेवले का?"

"जेवतोय."

"मॉलमधीच हायेत न्हवं? खरं सांगा. तुम्ही तसं बोलल्यापासून जिवाला घोर लागलाय बगा."

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"मॉलचीच ड्युटी आहे," मी म्हटलं. "मी उगाच बोलले तेव्हा. रागात होते."

पलीकडे तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. "तिथं लई ऊन म्हणत्यात. मॉलात एसी असतोय ना?"

"असतो की," मी म्हटलं. "चांगला गारेगार."