डेअरीपर्यंतचा पिवळा पट्टा

माझ्या डेअरीच्या पायरीपर्यंत पिवळा पट्टा ओढला आणि मला साधं विचारलंही नाही, याचा राग मी बरेच दिवस धरून होतो. आमच्या कुरुळीत रस्त्यावर रेघ मारायची म्हटली तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, ठरावाला सभा लागते आणि सभेला चहा लागतो. पुनमवहिनीला यातलं काहीच लागलं नाही. गुरुवारची दुपार, एक डबा रंग, एक ब्रश आणि डबा धरायला नवरा. तिच्या फाटकापासून माझ्या दारापर्यंत एकशे ऐंशी पावलं आहेत. तेवढा सरळ पट्टा, दर दहा पावलांवर बाण, आणि शेवटी माझ्या पायरीवर दोन पावलांचे ठसे.

"रोहिदासभाऊ, इथं क्रेट ठेवायचे नाहीत," वहिनी म्हणाली.

"पायरी माझी आहे."

"पायरी तुमचीच. पट्टा मिनलचा."

तिचा नवरा रविराज हा माझा शाळेपासूनचा दोस्त. तो ब्रश धुवत होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की भावा, मला काही विचारू नकोस. नवरा म्हणून तो फार गुणी आहे, सांगितलेलं ऐकतो.

मिनल ही त्यांची मुलगी. वय तेरा. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणतात. मी म्हणतो, गावात एवढं शिस्तीचं माणूस दुसरं नाही. ती कमी बोलते, नजरेला नजर देत नाही, आणि ठरलेलं काही बदललं की कानांवर हात ठेवून असा सूर लावते की माझ्या दुकानातल्या बरण्या वाजतात. तिच्या तीन शाळा झाल्या. पहिलीने समजून घेतलं, दुसरीने समजावून सांगितलं, तिसरीने दाखलाच हातात दिला.

वहिनी तेव्हा निघोज्याकडच्या एका कंपनीत कामाला होती. गाड्यांच्या आत ज्या वायरी असतात, त्यांचे जुडगे बांधायचं काम. नऊ वर्षं केलं. नवी मुलगी भरती झाली की तिला वहिनीच्या हाताखाली देत. बीडची असो नाहीतर बिहारची, भाषा येवो न येवो, चौथ्या दिवशी ती लाइनवर उभी राहायची. समोर एक मोठी फळी, फळीवर खिळे, खिळ्यांमधून रंगीत रेघा आणि वर फोटो लावलेले: आधी हे, मग हे, मग ते. तोंडाने फारसं बोलायची गरजच पडत नसे.

मिनलचा दाखला मिळाला तेव्हा वहिनी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून सासूला म्हणाली, "आत्या, बिहारची पोरगी माझं एक अक्षर न कळता शिकते, मग माझी पोरगी का नाही शिकणार?" तिने नोकरी सोडली आणि घराचीच कंपनी करून टाकली.

म्हणजे अक्षरशः. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक भांड्याचा आकार रंगाने काढलेला. पळीच्या आकारावर पळी, लाटण्याच्या आकारावर लाटणं. गोजाबाई, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, चाळीस वर्षं लाटणं पिठाच्या डब्यावर ठेवत आल्या. आता डब्यावर ठेवलं की मिनल उठते, लाटणं भिंतीला लावते आणि आजीकडे न बघता जागेवर जाऊन बसते. "माज्याच घरात मला शिकाऊ केलंय," असं गोजाबाई मला दर दोन दिवसांनी येऊन सांगतात. सांगून झालं की लगबगीने निघतात, कारण भाकऱ्यांच्या गणिताचा तास असतो आणि त्याला आजी लागते.

भूगोल भाडेकरूंचा. यांच्या मागच्या बाजूला आठ खोल्या आहेत, सगळे कंपनीतले कामगार. वहिनीने प्रत्येकाच्या दारावर त्याच्या मुलखाचा नकाशा चिकटवला. पहिल्या खोलीत लातूर, तिसऱ्या खोलीत दापोली. मिनल रोज सकाळी महाराष्ट्र फिरून येते. एकदा लातूरवाल्याने आणि दापोलीवाल्याने वहिनीला न सांगता खोल्यांची अदलाबदल केली. मग काय, तो सूर! संध्याकाळी दोघांनी गुपचूप सामान उचलून आपापल्या जुन्या खोलीत नेलं. या घरच्या शाळेला सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी, कारण आमच्या इकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते.

या कारभाराला विरोध करणारा घरात एकच माणूस होता, सासरे सोपानराव. म्हाताऱ्याचा नातीवर जीव होता, नव्हता असं नाही. पण त्यांच्या मनात एक भीती बसली होती. पुण्याच्या पलीकडे अशा मुलांसाठी एक वसतिगृह आहे, तिथे त्यांनी ओळखीने मिनलसाठी एक जागा धरून ठेवली. पंधरा जूनला मुलीला सोडायचं.

घरात हा विषय निघाला त्या दिवशी मी दुधाचा कॅन पोचवायला गेलो होतो, म्हणून माझ्या कानांवर सगळं पडलं.

"पुनम, मी पंच्याहत्तरीला आलो," सोपानराव म्हणाले. "तुमी दोघं बी काय अमरपट्टा घेऊन आला न्हाई. उद्या घरात कुनी न्हाई राहिलं, तर ही पोर फाटकाच्या भायेर जाऊन परत येती का? येवढंच मला सांग."

"येईल, मामा."

"मग दाव. डेअरीत जायाचं, दूध घ्यायाचं, घरी यायाचं. एकटीनं. पंधरा तारखेच्या आत मी सांगंन त्या दिवशी. जमलं तर ती जागा मी सोडतो. न्हाई जमलं, तर तू आडवी यायाचं न्हाई."

वहिनी "बरं" म्हणाली. मला विचाराल तर रागाच्या भरात म्हणाली, कारण तोवर मिनल एकटी कधी फाटकाची कडीसुद्धा काढत नव्हती. रात्री रविराजने मला फोन केला आणि उगाच दुधाचा हिशेब विचारत बसला. मुलगी गेली तर घरात राहणार काय, हे त्याला बोलायचं होतं, ते मला कळलं.

तर पट्टा असा आला. आणि पट्ट्यापाठोपाठ माझं ट्रेनिंग. वहिनीने माझ्या काउंटरवर तीन चित्रं चिकटवली: किटली, दुधाचं माप, निरोपाचा हात. शिवाय तोंडी नियम दिले. हसायचं नाही. गोळी द्यायची नाही. "काय म्हणते मिनल?" असं विचारायचं नाही.

"मग मी बोलू तरी काय?"

"ती म्हणेल एक लिटर. तुम्ही म्हणायचं एक लिटर. झालं."

वीस वर्षं धंदा करतोय. गिऱ्हाइकाशी कसं वागायचं हे मला कोणी शिकवलं असेल तर या बाईने.

पहिल्या दिवशी वहिनी गच्चीवर उभी राहिली आणि मिनल पट्ट्यावरून निघाली. पाय जरासुद्धा बाहेर नाही. ठशांवर उभी राहिली, "एक लिटर" म्हणाली. मीही म्हणालो. किटली भरली, मी हात हलवला, ती वळली. आणि थांबली. खाली बघितलं, मग पायरीशेजारी सरकवलेल्या माझ्या क्रेटवर बसली ती बसलीच.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळे बाण डेअरीकडे! घरी जायचा बाण वहिनीने काढलाच नव्हता. कंपनीत बाणाच्या उलट चालायचं नसतं, हे वहिनीनेच मुलीला घोटून घोटून शिकवलेलं. मी गच्चीकडे हातवारे केले. वहिनीने कपाळाला हात लावला आणि रंगाचा डबा घेऊन धावत आली. पहिल्या पट्ट्याला लागून दुसरा पट्टा, उलटे बाण. पण ओल्या रंगावर पाय द्यायचा नाही, हाही नियम घरचाच. त्यामुळे रंग वाळेपर्यंत पोरगी माझ्याकडे. तेवढ्या वेळात तिने फ्रीजमधल्या दह्याच्या सगळ्या पिशव्या तारखेप्रमाणे लावल्या. दोन पिशव्यांची तारीख उलटलेली निघाली, त्या तिने भर गिऱ्हाइकात काउंटरवर आणून मांडल्या. माझी जी काही अब्रू होती ती गेली.

त्यानंतर रोज सराव. पट्ट्यावर काही असलं की मिनल त्याच्यासमोर उभी राहायची, ते हलेपर्यंत. मोटारसायकल असली तर मालक धावत यायचा. कुत्रं झोपलेलं असलं तर ती कुत्रं उठायची वाट बघायची, आणि आमच्या आळीतली कुत्री काही घाईची नाहीत. महिन्याभरात आळीला शिस्त लागली. बायका वाळवण पट्टा सोडून घालायला लागल्या. "तिची वाट हाय," असं एकमेकींना सांगायच्या. माझा रागही कधी गेला कळलं नाही. सकाळी पट्टा झाडायचं काम मी करायला लागलो होतो.

नऊ जूनला सकाळी सात वाजता सोपानराव ओट्यावर येऊन बसले, हातात घड्याळ धरलं आणि म्हणाले, "आज."

मिनल किटली घेऊन फाटकाबाहेर पडली. मी काउंटरमागून बघत होतो. नव्वद पावलं ठीक आली. तिथे दौलतरावांची पांढरी थोरली गाडी उभी होती, दोन्ही पट्टे अडवून. दौलतराव म्हणजे आमच्याकडचे जमिनीचे मोठे दलाल. मी पट्टा झाडून दुकानात वळलो तेवढ्यात त्यांनी गाडी लावली आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून खेडला खरेदीखताला गेले. किल्ली त्यांच्या खिशात, फोन बंद. म्हणजे आता गाडी दुपारपर्यंत हलणार नाही.

मिनल गाडीसमोर उभी राहिली. माझ्या भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली. माणसं जमायला लागली. कोणी म्हणालं गाडी ढकलू, कोणी म्हणालं पोरीला हाताला धरून पलीकडे न्या. मी दुकानातून ओरडलो, "कुणी हात लावायचा नाही! लांब उभं राहा!" माझा आवाज एवढा चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. वीस मिनिटं झाली. मिनलने किटली खाली ठेवली, कानांवर हात ठेवले आणि तिचा तो सूर सुरू झाला.

सोपानराव ओट्यावरून उठले आणि चपला न घालताच निघाले.

"मामा, थांबा!" गच्चीवरून वहिनी ओरडली. चौदा वर्षांच्या संसारात सासऱ्यावर तिने कधी आवाज चढवला नव्हता.

"पोर रडाय लागली, पुनम!"

"रडू द्या तिला. तुम्ही थांबा."

म्हातारा जागच्या जागी थांबला. गच्चीवर वहिनीने कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि तीही रडत होती. मला त्या दौलतरावांचा असा संताप आला होता की ते समोर असते तर मी त्यांचं काय केलं असतं सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर वहिनीचाही थोडा आला होता. लेकरू एवढं रडतंय आणि ही हलत नाही.

मग सूर थोडा उतरला. मिनलने एका कानावरचा हात काढला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला. थोडा वेळ तसाच. मग दुसरा हात काढून किटली उचलली. बॉनेटवरचा हात न उचलता ती बाजूला सरकली. एक पाऊल पट्ट्याबाहेर, मुरुमावर. मग दुसरं. हात आरशावर, दारावर, मागच्या काचेवर. गाडीच्या मागे येऊन तिने खाली वाकून बघितलं. पट्टा होता. तिने हात सोडला, पट्ट्यावर आली आणि चालायला लागली.

माझ्या पायरीवर उभी राहिली तेव्हा नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि कपाळाला आठी होती.

"एक लिटर."

"एक लिटर," मी म्हणालो आणि अर्धं माप काउंटरवर सांडलं. तिने आधी सांडलेल्या दुधाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुन्हा भरलं, हात हलवला. ती वळली, गाडीपाशी आली, या वेळी क्षणभरच थांबली, हात लावला आणि वळसा घालून पलीकडे गेली.

मी दुकान तसंच उघडं टाकून मागोमाग गेलो. फाटकात वहिनी जिना उतरून आली होती. तिने मुलीच्या हातातली किटली घेतली आणि विचारलं, "मिनल, गाडीच्या बाजूनं जायचं तुला कुणी शिकवलं?"

मिनलने थोडा विचार केला. "कुणी नाही," म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

वहिनी फाटकातच खाली बसली. बटण लावणं, चूळ भरणं, हो म्हणणं, नाही म्हणणं, सगळं तिने एकेक पायरी करून मुलीला शिकवलं होतं. मुलीला जे येतं ते आपण शिकवलेलं, बाकी कोरं, असंच ती आजवर धरून चालली होती. हे तिने शिकवलेलं नव्हतं. ती मोठ्याने रडायला लागली. गोजाबाई तिच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सोपानराव अनवाणीच उभे होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याकडून नंबर लावून घेतला.

"हॅलो, कुरुळीवरनं सोपानराव बोलतोय. व्हय, मिनलच्या जागेचं. ती यायची न्हाई. दुसऱ्या कुना लेकराला द्या ती जागा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "तिची आई शिकवती घरीच," म्हातारा म्हणाला, आणि नाक पुसून पुढे म्हणाला, "आन् राहिलेलं ती आपलं आपन शिकती."