‘बट’ काढून ‘ऑलदो’

टायपिस्टबाईंनी एकोणतीस वर्षं त्या बाइंडिंगखान्याची इंग्रजी पत्रं टाइप केली. मालक मराठीत सांगायचे, इंग्रजी बाई करायच्या. आपल्या इंग्रजीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

बाइंडिंगखाना बंद करायचं ठरलं, तेव्हा मालकांनी प्रत्येक कामगारासाठी शिफारसपत्र सांगितलं. पुस्तकं शिवणाऱ्या बाईबद्दल म्हणाले, “लिहा, हात जरा सावकाश आहे, पण शिलाई अशी की पान फाटेल, टाका सुटणार नाही.”

बाईंनी ‘पण’साठी ‘बट’ टाइप केलं. मग वाटलं, हा तर शाळकरी पोरांचा शब्द. ‘हाउएव्हर’ फारच सरकारी. ‘डिस्पाइट’ घ्यावं, तर सगळं वाक्यच उसवावं लागणार. शेवटी त्यांनी नवा कागद चढवला आणि ‘बट’च्या जागी ‘ऑलदो’ बसवलं. वाक्य कसं भारदस्त दिसलं! मालकांनी न वाचता सही ठोकली.

पंधरा दिवसांनी शिलाईवाली आली. “ताई, मोठ्या छापखान्यात नाही म्हणाले. तुझ्या मालकानंच हात सावकाश लिहिलाय म्हणे.”

“असतं एकेकाचं नशीब,” बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी फाइलमधली कार्बन कॉपी काढली. ते वाक्य पुन्हा वाचलं. मालकांच्या तोंडी शिलाईचं कौतुक होतं. पत्रात मात्र हात सावकाश असल्याचीच तक्रार उरली होती, आणि शिलाई ‘जरी चांगली असली तरी’ म्हणून मागे ढकलली गेली होती. ‘बट’ राहू दिलं असतं तर काही बिघडलं नसतं.

चार दिवस त्यांना अन्न गोड लागेना. चूक सलत होतीच, पण ते ‘नशीब’ जास्त सलत होतं. पाचव्या दिवशी दुपारी त्या शिलाईवालीच्या दारात उभ्या राहिल्या.

“पत्रात माझी चूक झाली. एक शब्द चुकीचा घातला. तुझं ते काम हुकलं माझ्यामुळे.”

“मालक तसं बोललेच नव्हते?”

“नाही. हात सावकाश म्हणाले, पण तारीफ करत होते तुझ्या शिलाईची.”

शिलाईवालीनं विचारलं, “हे तुम्हाला कधी कळलं?”

“तू आलीस, त्याच दिवशी.”

“मग चार दिवस काय करत होतात, ताई?”



बाईंनी नवं पत्र टाइप केलं, मालकांना वाचून दाखवलं, सही घेतली आणि स्वतः छापखान्यात गेल्या. जागा भरली होती. तिथल्या साहेबांनी पत्र ठेवून घेतलं, इतकंच.

तीन महिन्यांनी तिथूनच शिलाईवालीला बोलावणं आलं. बाईंना ते कळलं दुसऱ्याच एका कामगाराकडून. त्यांना हायसं वाटलं. अभिनंदन करायला जावं म्हणून चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेल्या, आणि कुठल्या तोंडाने जायचं म्हणून परत फिरल्या.