डोळे झाकायची खूण

"करेक्शन, इन."

अंपायरच्या उंच खुर्चीवरून केतन म्हणाला, माझा निर्णय फिरवला आणि सगळ्या हॉलने टाळ्या पिटल्या. मी खाली, रेषेच्या टोकाला, प्लास्टिकच्या खुर्चीत. दोन्ही हात आडवे पसरलेले. "आऊट" म्हणून घसा फाडून ओरडले होते. शटल दोन बोटं बाहेर पडलं होतं, माझ्या नाकासमोर. हात खाली घ्यायचंही मला सुचलं नाही. मागच्या बाकांवरून एक माणूस ओरडला, "गेट हर अ पेअर ऑफ ग्लासेस!" हसले सगळे.

मॅच तिथेच संपली. जिंकली ती इथली, किलकेनीचीच पोरगी. तिच्या बापाच्या दुकानाचं बॅनर भिंतीवर लटकत होतं. हरलेली मुलगी लेटरकेनीहून पहाटे निघून, गाडीने आलेली. रॅकेट बॅगेत भरताना तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मग नोएल आला. नोएल म्हणजे स्पर्धेचा रेफरी, सगळ्यांचा लाडका म्हातारा. खांद्यावर थोपटून म्हणाला, "यू आर ग्रँड, लव्ह. गो गिव्ह द लेडीज अ हँड विथ द टी." मी उठायच्या आत त्याने माझ्या खुर्चीत दुसऱ्या एकाला बसवलं. भाचीची मॅच बघायला आलेला माणूस. हातात चिप्सचं पाकीट.

आणि मी गेले. सांगायला लाज वाटते, पण गेले. किचनमध्ये जाऊन प्रेस, म्हणजे इथलं कपाट, उघडलं आणि कप काढायला लागले.

मी काही वाटेवरून उचलून आणलेली नाही. नागपुरात अंपायरची परीक्षा पास झालेली बाई आहे मी. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे इथे परदेशात आले, तेव्हा ते सर्टिफिकेट फाइलमध्ये घालून आणलं. नोएलने बघितलं, म्हणाला, लव्हली, सुरुवात लाइनवरून कर. केली. सात वर्षं झाली, अजून सुरुवातच चालू आहे.

केतन पुण्याचा. माझ्यानंतर तीन वर्षांनी आला. त्याला अंपायरिंगचा ओ का ठो येत नव्हता. माझ्याच किचनमध्ये, माझ्याच हातचे पोहे खात, सगळ्या खुणा शिकला. बाहेर पडलं, हात आडवे. आत पडलं, उजव्या हाताने रेषेकडे बोट. दिसलंच नाही, तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. दोन वर्षांत तो उंच खुर्चीवर. नोएलबरोबर पबमध्ये बसतो ना! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याने मला विचारलं होतं, "नागपुरात कुठे, ताई?" मी म्हटलं, इंदोऱ्यात. तो म्हणाला, "अच्छा." बस, एवढंच. त्या अच्छामध्ये माझी जात विचारून झाली होती, मोजून झाली होती आणि जागच्या जागी ठेवूनही झाली होती. त्याच्या घरच्या आरतीचं बोलावणं त्यानंतर कधी आलं नाही. लाइनवर माणूस कमी पडला की मात्र ताईची आठवण.

पण सगळं खापर त्यांच्यावर फोडून मी मोकळी होणार नाही. माझंही ऐका.

तीन वर्षांपूर्वी ट्रलीला शटल असंच बाहेर पडलं होतं. मला लख्ख दिसलं होतं. खेळाडू वळला आणि रॅकेट माझ्यावर रोखून बघत राहिला. मी डोळे झाकले. दिसलं नाही म्हणून खूण केली. अंपायरने पॉइंट त्याला देऊन टाकला. कुणी भांडलं नाही, कुणाचा वेळ गेला नाही. संध्याकाळी नोएल म्हणाला, "गुड गर्ल." त्यानंतर मला जास्त स्पर्धा मिळायला लागल्या. मी काय समजायचं ते समजले. पुढे आठ-दहा वेळा तरी केलं असेल. बघायचं, आणि झाकायचं. त्यांना पारखी डोळ्यांची बाई नकोच होती. वेळेवर आंधळी होणारी हवी होती, आणि मी झाले. थू माझ्यावर!

म्हणूनच की काय, या वर्षी नोएल म्हणाला होता, तुझी परीक्षा घेऊ. त्या करेक्शनच्याच दिवशी, दुपारी तीनची मॅच. उंच खुर्चीवर मी आणि समोर परीक्षक. पास झाले तर अंपायर. मी नवीन काळी पँट शिवून आणली होती. पाहायला आई आली होती, नागपूरहून दोन महिन्यांसाठी आलेली. साडीवर स्वेटर, स्वेटरवर माझं जाकीट. सकाळपासून माझ्या मागच्याच बाकावर बसली होती.

सकाळी ते शटल पडलं तेव्हाही माझे हात डोळ्यांकडे निघालेच होते, खोटं नाही सांगत. मागे आई आहे हे आठवलं आणि हात आडवे गेले.

आई मला शोधत किचनमध्ये आली. केटलीतून वाफ येत होती.

"काऊन वो, तुले शटल दिसलं का नाई?"

"दिसलं."

"मले बी दिसलं. भाईर पडलं. मंग इथं चहा काऊन करून राह्यली?"

मी म्हटलं, आई, तुला नाही कळायचं इथलं.

ती भडकली. "मले नाई कळत? तीस वर्सं शाळेत शिपाईण होती मी. मास्तर लोकायले चहा देल्ला. पोरीले कोनाले चहा द्या लागू नये म्हनून देल्ला. आता तू बी तेच करशीन?"

मी हातातला कप ओट्यावर ठेवला. मला रडू आलं नाही. राग आला. आधी स्वतःचाच.

तेवढ्यात नोएल आणि केतन आले. नोएलच्या हातात कागद. लेटरकेनीच्या कोचने लेखी तक्रार केली होती. केतन बसला होता नेटजवळ, मी रेषेच्या टोकाला, मग त्याला माझ्यापेक्षा चांगलं कसं दिसलं, असा कोचचा सवाल. नोएल गोड हसला. म्हणाला, फक्त एवढं लिही की नीट दिसलं नव्हतं. त्यात लाज कसली, सगळ्यांचंच होतं असं कधीतरी. "अँड देन वी हॅव युअर थ्री ओ'क्लॉक."

केतन मराठीत म्हणाला, "अहो ताई, सरळ डोळे झाकायचे होते ना. तुम्हाला तर सवय आहे."

सवय आहे! म्हणजे याला माहीत होतं. पहिल्यापासून. माझ्या प्रत्येक झाकण्याचा हिशेब याच्याकडे होता आणि तो माझ्या आईसमोर काढत होता.

मी पेन घेतलं. इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. शटल बाहेर होतं. मला स्पष्ट दिसलं. खाली सही केली. मग केतनला म्हटलं, "तुमचा चहा तुम्ही ओतून घ्या."

नोएलने कागद वाचला. हसू गेलं. "दॅट्स अ पिटी," म्हणाला.

तीनच्या मॅचला उंच खुर्चीवर दुसराच माणूस चढला. परीक्षकाने माझ्या फॉर्मवर लिहिलं, अजून तयारी नाही. एकही पॉइंट न बघता. नवी पँट घालून मी आईशेजारी बाकावर बसून होते. किलकेनीची पोरगी फायनलही जिंकली. कप द्यायला तिचा बापच उभा होता.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना आता. सात वर्षं झाली. काय मिळालं?" काहीच नाही मिळालं, खरं आहे. मी लाइनवरच्या कामाचा राजीनामा लिहून काढला, चार ओळींचा. पाठवायचं बटण तेवढं राहिलं होतं.

सोमवारी दुपारी नोएलचा मेल आला. पुढच्या महिन्यात ट्रलीला लाइनवर बसायला माणसं कमी आहेत, येशील का? खाली स्मायली. झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. त्या खुर्चीत दिवसभर फुकट कुणी बसत नाही, म्हणून माझी गरज. मी सोडलं तर तिथे चिप्स खाणारा येईल. किंवा येईल माझ्यासारखी कुणी नवी बाई, आणि तिला गुड गर्ल म्हणायला नोएल असेलच.

राजीनामा पुसला. उत्तरात लिहिलं, येते. माझ्या रेषेवर जे पडेल ते मी सांगेन.

उंच खुर्ची देणार नाहीत, मला कळलंय. नका देऊ. मी खालीच बसेन. हात मांडीवर, डोळे उघडे. बाहेर पडलं तर घसा फुटेपर्यंत ओरडेन. केतन करेक्शन म्हणेल. म्हणू दे. दर वेळी, भरल्या हॉलसमोर, त्याचं खोटं त्यालाच तोंडाने बोलावं लागेल. डोळे झाकून ते लपवायला माझे हात आता त्याला मिळणार नाहीत.