आत्याचं गाणं

रंगा मास्तर मला कधीच आवडला नाही. भिगवणच्या बँडचा हा म्होरक्या प्रत्येक वरातीत एकच इटालियन गाणं वाजवायचा, आणि धृपद आलं की तोंडातला क्लॅरिनेट काढून गरजायचा, "आत्याऽऽ!" मूळ गाण्यात तिथे तसाच काहीसा शब्द होता. कॅसेटवर ऐकून याने तो आत्या ठरवला. झालं! लग्नात आत्याने नाचलंच पाहिजे, आणि तिच्या भावाने तिला हाताला धरून आणलंच पाहिजे, असा रिवाज आमच्या इंदापूर भागात पडला. कॅसेटी गेल्या, मोबाइल आले, गाणं काही हटेना.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. मुलाने मला गाण्याचा अर्थ शोधून दिला, तशी मी निमगावच्या भर बाजारात मास्तरला गाठलं.

"अहो, गाणारा कुणा बाईला 'थांब, जाऊ नकोस' म्हणतोय. त्यात आत्या कुठली आली?"

पान चघळत तो म्हणाला, "बाई, इटलीत नसंल. हितं हाय."

मेला उर्मट!

आई गेल्याचा निरोप धाकट्या भावाने, दत्ताने, मला उशिरा दिला. तिचं तोंडही दिसलं नाही. तेव्हापासून पाच वर्षं आमचा अबोला. भाचीच्या, दत्ताच्या मुलीच्या, हट्टापायी अंथुर्ण्याला तिच्या लग्नाला गेले, पण अक्षता टाकल्या आणि एसटीच्या वाटेला लागले. मांडवाबाहेर वरात उभी. मास्तरने मला पाहिलं आणि धृपद धरलं, ते सोडेचना. वरात अडली. लोक ओरडायला लागले. दत्ता मान खाली घालून उभा.

"दत्तोबा, आत्या आल्याबिगर मी न्हाय हलणार!"

शेवटी दत्ता आला. माझा हात धरला. "चल आक्का. चुकलं माझं."

मी नाचले. पन्नाशी उलटलेली मास्तरीण, रडत, रागाने, सगळ्या भावकीदेखत.

"मुद्दाम केलंत ना?" नंतर मी मास्तरला झापलं.

"मी निस्ता वाजिवतो, बाई. भाऊ तुमचा हाय."

चार लोकांत माझी शोभा केली, त्याबद्दल मी त्याला माफ केलं नाही. अजूनही नाही.

मागच्या पावसाळ्यात मास्तर गेला. परवा दत्ताच्या मुलाच्या लग्नाला डीजे होता. तेच गाणं लागलं, त्या इटालियन गवयाच्या आवाजात, अगदी चोख. पोरं बेभान नाचली. मी पदर खोचून तयार होते. दत्ताही दोन पावलं पुढे आला होता. धृपद आलं आणि गेलं. त्यात आत्या नव्हती.