रफूवालीच्या नवऱ्याचं ध्यान

सगळी गल्ली तिला रफूवाली काकू म्हणायची. सिगारेटने जळलेला कोट, कसरीने खाल्लेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली भारी पँट, सगळं तिच्याकडे यायचं, आणि परत जाताना भोक कुठं होतं ते खुद्द मालकाला सापडायचं नाही. कपड्याच्या आतल्या दुमडीतून ती त्याच रंगाचे धागे काढायची, खिडकीशी बसायची, आधी उभे धागे भरायची आणि मग आडवे विणायला घ्यायची. एक वरून, एक खालून. तेव्हा पहिली हाक तिला ऐकूच जायची नाही. दुसऱ्या हाकेला मान वर करायची, तीही झोपेतून उठल्यासारखी. आई गेली त्या आठवड्यात तिने कुणा अनोळखी माणसाच्या कोटाचं चाळण झालेलं कोपर तीन दिवस विणलं. रडू त्यानंतर आलं, आणि पेलवेल एवढंच आलं. याला काही नाव असतं हे तिला माहीत नव्हतं.

नाव नवऱ्याला माहीत होतं. कचेरीतून निवृत्त झाल्यावर महिनाभर त्याने घरातल्या प्रत्येक डब्याच्या झाकणात खोट काढली. मग कुठल्याशा शिबिराला गेला आणि दहा दिवसांनी वेगळाच माणूस होऊन आला. आवाज खाली, चाल सावकाश. रोज सकाळी नऊ ते दहा मधल्या खोलीत मांडी घालून बसायचा. तेवढ्या वेळात नळ सोडायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, कडी लावायची तर तीसुद्धा रुमाल धरून. शेजारीण एकदा कौतुकाने म्हणाली, तुमच्या यजमानांची काय ब्रह्मानंदी टाळी लागते हो. रफूवाली म्हणाली, टाळी त्यांची लागते, टाळं माझ्या तोंडाला लागतं.

नवरा तिला समजावून सांगायचा. ध्यान दोन तऱ्हेचं, एक नुसतं बसून करायचं, एक काम करता करता. बसून करायचं तेच अस्सल. दुसरं आपलं ज्यांना बसायला जमत नाही त्यांच्यासाठी. आवाज आला तर मनाशी फक्त 'आवाज' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. दुखलं तर 'दुखणं'. ती सुईत दोरा ओवत ऐकून घ्यायची. इतकी वर्षं याच माणसाच्या कचेरीतल्या कागाळ्या ऐकल्या होत्या, त्यापेक्षा हे बरं.

ती पडली तेव्हा साडेनऊ व्हायचे होते. स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून लोकरीच्या धाग्यांची पेटी काढायला स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं आणि ती उजव्या हातावर आपटली. पाठोपाठ पेटी आणि दोन पातेली. मनगट भलतीकडेच वळलेलं तिला दिसलं. तिने "अहो" म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं. मधल्या खोलीचं दार चार पावलांवर होतं आणि नुसतं लोटलेलं होतं. उठायला गेलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून भिंतीला पाठ लावून ती बसून राहिली. दहाला तो शांत चेहऱ्याने बाहेर आला, आणि तिला बघून मात्र त्याचं धाबं दणाणलं. गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं. कधी पडल्या, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, आत्ताच. तिने ते खोडून काढलं नाही. तिला वाटलं, ऐकूच गेलं नसेल. आपल्याला तरी कुठं पहिली हाक ऐकू येते?

प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पूर्वीसारखं जुळेना. सुई धरली की हात कापायचा. तिच्याकडे रफूचं काम पाठवणाऱ्या शिंप्याने दोन कोट पाठवून पाहिले. तिचे धागे ओढले गेले, कापडाला सुरकुती पडली. तिसरा कोट आला नाही. दिवस खायला उठला.

नवरा म्हणाला, आता तरी बसायला शीक. रविवारी सकाळी त्याच्याकडे पाच-सहा जण शिकायला येऊ लागले होते. तीही मागे भिंतीशी बसली. डोळे मिटले की डोक्यात नुसता बाजार भरायचा. हाताला काम नसलं की मनाला धरायचं कशानं, हे तिला कळत नव्हतं. तिसऱ्या रविवारी एका शाळामास्तरांनी विचारलं, बाहेरच्या गडबडीचं काय करायचं.

नवरा डोळे मिटूनच म्हणाला, "माझंच सांगतो. ही आत पडली. केवढ्यांदा धाडकन झालं, हिने दोनदा हाक मारली. मी सगळं ऐकलं. मनाशी म्हटलं, आवाज. अन् बसून राहिलो. एक तरंग उठला नाही."

मास्तरांनी मान डोलावली. कुणीतरी वा म्हणालं.

"तो आवाज नव्हता," रफूवाली म्हणाली. "मी होते."

नवऱ्याने डोळे उघडले नाहीत. तो मायेने म्हणाला, "राग आलाय ना? नुसतं 'राग' म्हण, आणि सोडून दे."

ती उठून आत गेली. दुपारी तिने मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, आई, बाबांना कळलं नसेल गं. ती म्हणाली, कळलं होतं. मुलगी हाताची सूज उतरली का ते विचारू लागली.

पुढच्या रविवारी दोघं आले नाहीत, त्यांच्या जागी चौघं नवे आले. नवऱ्याने ती गोष्ट पुन्हा सांगितली. या खेपेला त्यात हाक एकदाच होती, आणि 'उठू नका' असं बायकोनेच आतून सांगितलं होतं.

रफूवालीने शिंप्याकडे जाऊन मिळेल ते काम मागितलं. त्याने तिला जुने कपडे उसवायला दिले. डाव्या हातात ब्लेड धरून ती आता साडेआठपासून दुकानाच्या मागच्या बाकावर शिवणी उसवत असते. उसवायला लक्ष लागत नाही. ब्लेड आपोआप चालतं, आणि डोकं रिकामं राहून पुन्हा पुन्हा त्या लोटलेल्या दाराशी जातं. संध्याकाळी घरी येते, दोघांचा स्वयंपाक करते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते.

नवरा भेटेल त्याला सांगतो, हिची साधना उशिरा सुरू झाली, पण आता बघा, किती शांत झालीय.